मेलॅनोमाच्या पेशी मोनोसाइटना कशा बोलावून घेतात: ट्रान्सवेल प्रयोगाची सविस्तर कृती

मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगाची गाठ म्हणजे नुसता कर्कपेशींचा गोळा नव्हे. तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मोनोसाइट, मॅक्रोफेज, टी-पेशी, न्यूट्रोफिल अशा प्रतिकारपेशी आत शिरलेल्या दिसतात. त्या वाट चुकून आलेल्या नसतात. कर्कपेशी लहान लहान प्रथिनं बाहेर सोडतात, ती आसपासच्या ऊतीत पसरत रक्तवाहिनीपर्यंत पोचतात, आणि ज्या पेशीच्या अंगावर त्या प्रथिनाचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारा रेणू, असतो ती पेशी त्या दिशेला सरकू लागते. या प्रथिनांना केमोकाइन म्हणतात.

बेळगावात खडेबाजाराच्या बाजूला कुठे कुंदा परतत असले की गल्लीच्या तोंडाशी वास पुसट येतो, दुकानाजवळ दाट होतो, आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तोच वास सगळ्या गावात सारखा भरला असता तर भूक चाळवली असती, पण जायचं कुठे ते कळलं नसतं. पेशींचंही असंच आहे. पदार्थ आहे एवढं पुरत नाही, तो एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असावा लागतो. ट्रान्सवेल प्रयोगात बारीक छिद्रांच्या पडद्याच्या वर मोनोसाइट (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ठेवतात, खाली कर्कपेशींचा स्राव ठेवतात, आणि किती पेशी खाली उतरल्या ते मोजतात. पुढचा सगळा प्रयोग या चढउतारावर उभा आहे, आणि बिघडतो तोही बहुतेक वेळा याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने.

ही कृती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांच्या विभागात पेशीसंवर्धनाची खोली आहे, पण हा प्रयोग कुणी हाताने करून दाखवलेला नाही, असे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत.

कोण कोणाला बोलावतं

गाठीतून झिरपणारा पदार्थ मोनोसाइटना ओढून घेतो हे अल्बर्टो मान्टोव्हानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवलं. तो पदार्थ १९८९ मध्ये शुद्ध करून ओळखला गेला, त्याचं आजचं नाव सीसीएल२. मोनोसाइटच्या अंगावरचा सीसीआर२ हा रिसेप्टर त्याला धरतो. सीएक्ससीएल८ आणि सीएक्ससीएल१ न्यूट्रोफिलना बोलावतात. यातला सीएक्ससीएल१ तर पहिल्यांदा मेलॅनोमाच्याच पेशींतून हाती लागला, तोही मेलॅनोमाची वाढ करणारा घटक म्हणून. सीसीएल२२ नियामक टी-पेशींना आणतो, म्हणजे प्रतिकार थोपवून धरणाऱ्या पेशींना. सीएक्ससीएल९ आणि १० मात्र मारेकरी टी-पेशींना आणतात.

त्यामुळे ‘प्रतिकारपेशी आल्या’ एवढ्यावरून चांगलं झालं की वाईट ते ठरत नाही. आलेला मोनोसाइट गाठीत मॅक्रोफेज होतो आणि बऱ्याचदा गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो. मात्राही महत्त्वाची. मेलॅनोमाच्या पेशींना थोडा सीसीएल२ बनवायला लावला तर बेताचे मोनोसाइट येऊन गाठ वाढली, आणि खूप बनवायला लावला तर मोनोसाइटची गर्दी उसळून गाठच नष्ट झाली, असं उंदरांमध्ये दिसलं आहे. उलट बाजूही आहे. ज्या मेलॅनोमात बीटा-कॅटेनिनचा मार्ग सतत चालू असतो तिथे सीसीएल४ कमी बनतो, टी-पेशींना जागं करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी येत नाहीत, आणि मग टी-पेशीही फिरकत नाहीत. हे २०१५ मध्ये उंदरांवरच्या कामातून पुढे आलं. बोलावणं न पाठवणं हीसुद्धा गाठीची एक चाल आहे.

पेशी निवडताना

सुरुवातीला दोन सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत आणलेल्या पेशी) पुरतात: मेलॅनोमासाठी ए३७५, मोनोसाइटसाठी टीएचपी-१. दोन्ही माणसाच्या आहेत, आणि ते महत्त्वाचं आहे. उंदराची बी१६-एफ१० जवळच्या प्रयोगशाळेत सहज मिळते म्हणून ती टीएचपी-१ बरोबर जोडू नका. माणसाच्या सीसीएल२ वरची अँटिबॉडी उंदराचा सीसीएल२ धरेलच असं नाही, आणि उंदराकडे सीएक्ससीएल८ चं जनुकच नाही. मग शेवटी जे मिळेल त्याचा अर्थ लागत नाही.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून रीतसर मागवा. ‘मित्राच्या लॅबमधला फ्लास्क’ घेण्याचा मोह आवरा. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, आणि डीएनए तपासल्यावर ती मेलॅनोमाची निघाली. लाइनचा एसटीआर अहवाल, म्हणजे तिची डीएनएवरून पटवलेली ओळख, फाइलला लावून ठेवा.

पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर. जिवंत पेशींचा फ्लास्क आणायचा असेल तर तो मानेपर्यंत मीडियमने (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाने) भरून घ्या. अर्धा रिकामा असेल तर घाटातल्या हिंदकळण्याने फेस होतो आणि पेशी सुटतात. झाकण घट्ट करून पॅराफिल्म गुंडाळा, थर्माकोलच्या खोक्यात उभा ठेवा, बर्फ घालू नका. पोचल्यावर तसाच न उघडता ३७ अंशांवर रात्रभर राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी जादा मीडियम काढा. गोठवलेली कुपी मात्र भरपूर कोरड्या बर्फातच यायला हवी.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. ए३७५ मध्ये बीराफ जनुकाचा व्ही६००ई हा बदल आहे. आपल्याकडे मुळात मेलॅनोमा कमी, आणि जो आढळतो तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. त्या प्रकारात हा बदल तुलनेने कमी वेळा सापडतो. म्हणून ए३७५ वरचा निष्कर्ष शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या टाचेवरच्या काळ्या डागाला सरसकट लावू नका. प्रबंधात हे एक वाक्य स्पष्ट लिहा.

गॅस, लाइट आणि पावसाळा

बेळगावात कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर मिळवणं अवघड नाही. उद्यमबागेसारख्या भागातल्या फाउंड्र्यांमुळे हा गॅस इथे ओळखीचा, कारण सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर त्यानेच घट्ट करतात. पण कोअरला चालणारा गॅस पेशींना चालेलच असं नाही. त्यात तेलाचा अंश आणि ओल असू शकते. खाद्य किंवा वैद्यकीय दर्जाचा मागा, आणि आत सायफन नळी नसलेलं सिलिंडर घ्या, नाहीतर रेग्युलेटरमध्ये द्रवच येतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत गेजचा काटा हलत नाही, आणि तो उतरायला लागला म्हणजे गॅस संपतच आला. म्हणून काट्यावर विसंबू नका. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि आठवड्याला वजन लिहा.

ऑटोक्लेव्हचा गेज १५ पाउंड दाखवतो तेव्हा आत १२१ अंश आहेत असं आपण धरतो, पण ते गणित समुद्रसपाटीचं. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, बाहेरचा दाब कमी, त्यामुळे त्याच काट्याला आतलं तापमान सुमारे सव्वा अंशाने कमी राहतं. आत हवा अडकलेली असेल तर आणखी कमी. थर्मामीटर असेल तर त्यावर चाला, नसेल तर १५ ऐवजी २० मिनिटं द्या. ऑटोक्लेव्हमध्ये काळा पडलेला टेप उष्णता लागल्याचं सांगतो, निर्जंतुक झाल्याचं नाही.

जून ते सप्टेंबर हा बुरशीचा हंगाम. पेशीसंवर्धनाच्या खोलीतली पुठ्ठ्याची खोकी सगळी बाहेर काढा, ओल्या छत्र्या आणि चपला दाराबाहेर ठेवा, इन्क्युबेटरमधल्या ट्रेचं पाणी दर आठवड्याला बदला आणि ट्रे ७० टक्के अल्कोहोलने पुसा. हेस्कॉमची वीजबंदीची सूचना पेपरात येते, प्रयोगाचा दिवस ठरवताना ती बघा. मधेच लाइट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघू नका. बंद दाराआड ऊब बराच वेळ टिकते.

पहिलं मोठं काम: कंडिशन्ड मीडियम

मेलॅनोमाच्या पेशी ज्या मीडियममध्ये राहिल्या आणि ज्यात त्यांनी आपले पदार्थ सोडले, ते मीडियम म्हणजे कंडिशन्ड मीडियम. प्रयोगाचं बरंवाईट इथेच ठरतं, म्हणून इथे घाई नको.

ए३७५ एरवी डीएमईएममध्ये वाढवतात आणि टीएचपी-१ आरपीएमआय १६४० मध्ये. स्राव डीएमईएममध्ये गोळा केला तर पडद्याच्या खाली एक मीडियम आणि वर दुसरं, असं होतं. ग्लुकोज वेगळं, बायकार्बोनेट जवळजवळ दुपटीने वेगळं. मग पेशी खाली उतरल्या त्या केमोकाइनमुळे की मीडियमच्या फरकामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून स्राव आरपीएमआयमध्येच गोळा करा. ए३७५ चोवीस तास त्यात नीट राहतात.

७५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये २० लाख पेशी १० टक्के सीरमच्या डीएमईएममध्ये घाला. तळ ७० ते ८० टक्के भरेपर्यंत, म्हणजे एक ते दोन दिवस, वाढू द्या. शंभर टक्के भरू देऊ नका. दाटीत पेशी मरतात आणि त्यांच्या स्रावाची घडणही बदलते. मग मीडियम ओतून टाका आणि १० मिलिलिटर कोमट पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) तीनदा धुवा. दोनदा धुतलं तर सीरमचा अंश राहतो, आणि सीरम स्वतःच मोनोसाइटना ओढतं. यानंतर ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन) घातलेलं सीरमविरहित आरपीएमआय १० मिलिलिटर घाला (१०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम बीएसए, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, कमी असलेला, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढलेला). बीएसए वगळू नका. केमोकाइन प्लॅस्टिकला चिकटतात, आणि बीएसए नसेल तर जे मोजायचं तेच ट्यूबच्या भिंतीला लागून राहतं.

त्याच वेळी दुसऱ्या रिकाम्या फ्लास्कमध्ये तेच १० मिलिलिटर मीडियम पेशींशिवाय ठेवा आणि पुढचे सगळे सोपस्कार त्यावरही करा. हा खरा कोरा कंट्रोल. बाटलीतून थेट ओतलेलं ताजं मीडियम कंट्रोल म्हणून चालत नाही, कारण इन्क्युबेटरमध्ये चोवीस तास राहिल्याने आणि फिल्टर, गोठवणं, वितळवणं यांनी मीडियममध्ये काय बदललं ते त्यातून वजा होत नाही.

२४ तासांनी मीडियम काढून घ्या. ४८ तास ठेवलं तर केमोकाइन जास्त जमतं खरं, पण आम्लता वाढते, ग्लुकोज उतरतं आणि उपाशी पेशी मरू लागतात. मरणाऱ्या पेशीतून एटीपी बाहेर पडतं, आणि एटीपीसुद्धा मोनोसाइटना बोलावतं. तुम्ही मोजायला निघालात जिवंत पेशीचा स्राव, आणि मोजून बसता मेलेल्या पेशीची गळती. हे टाळायला फ्लास्कमधल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवून ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगाने) मोजा, तरंगत्या पेशीही त्यात धरा. ९५ टक्के जिवंत हव्यात. ९० च्या खाली असतील तर ते मीडियम टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

मीडियम सेंट्रिफ्यूजमध्ये आधी ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट जोराने) १० मिनिटं, मग वरचा भाग नव्या ट्यूबमध्ये घेऊन २००० जीवर १० मिनिटं फिरवा, आणि प्रथिन कमी धरणाऱ्या ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा. १ मिलिलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका.

पेशींची संख्या लिहून ठेवली असेल तरच दोन बॅचची तुलना होते. एका फ्लास्कमध्ये ६० लाख पेशी निघाल्या आणि दुसऱ्यात ४० लाख, तर पहिल्याच्या १ मिलिलिटरमध्ये ६ लाख पेशींचा स्राव आहे, दुसऱ्याच्यात ४ लाखांचा. पहिल्याच्या २ मिलिलिटरमध्ये १ मिलिलिटर कोरं मीडियम मिसळलं की दोन्ही सारखे झाले.

मायकोप्लाझ्माबद्दल थोडं ठासून सांगायला हवं. हा जिवाणू मीडियम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार होऊ शकतो. त्याची लिपोप्रथिनं मोनोसाइटना थेट चेतवतात. लागण झालेल्या ए३७५ चं मीडियम मोनोसाइटना जोरात ओढताना दिसेल, आलेख देखणा येईल, आणि तो सगळा खोटा असेल. दोन्ही लाइनची पीसीआर चाचणी कामाला हात घालण्याआधी करा, पुढे महिन्याला एकदा.

टीएचपी-१ सांभाळताना

या पेशी तरंगत वाढतात. १० टक्के सीरम आणि ०.०५ मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल घातलेल्या आरपीएमआयमध्ये, मिलिलिटरला २ ते ८ लाखांच्या दरम्यान ठेवा. दहा लाखांच्या वर गेल्या की त्या आपोआप मॅक्रोफेजच्या वाटेला लागतात आणि सीसीआर२ उतरतो. मोनोसाइटचा मॅक्रोफेज करायला वापरतात ते पीएमए हे रसायन तर अजिबात घालू नका, त्याने त्या तळाला चिकटतात आणि सरकायचं विसरतात. वीस-पंचवीस पॅसेजनंतर (पेशी तितक्या वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाटून झाल्यावर) नवी कुपी उघडा. एंडोटॉक्सिननेही सीसीआर२ खाली जातो, त्यामुळे पाणी, बीएसए, पीबीएस या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा दर्जा इथे आड येतो. सीसीएल२ ला टीएचपी-१ ने दाद दिली नाही तर सहसा कारण याच दोघांपैकी एक असतं: दाटी किंवा एंडोटॉक्सिन.

टीएचपी-१ वर काम जमलं की खऱ्या रक्तातल्या मोनोसाइटवर तपासून पाहावंच. त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी लागते. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तयार ठेवा, रक्त देणाऱ्याला जी वाचता येते ती द्या. रक्त समान पीबीएसने पातळ करून १.०७७ घनतेच्या फायकोलवर अलगद सोडा, ४०० जीवर ३० मिनिटं फिरवा, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतो. खोलीचं तापमान १८ ते २० अंश हवं. एप्रिलच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत हे करू नका.

प्लेट लावण्याचा दिवस

२४ वेलच्या प्लेटचे, ६.५ मिलिमीटर व्यासाचे, ५ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट, म्हणजे प्लेटच्या खळग्यात (वेलमध्ये) बसणारे, तळाला पडदा असलेले कप, घ्या. ८ मायक्रॉनमधून टीएचपी-१ नुसत्या वजनाने गळतात, ३ मायक्रॉनमधून अडतात. बारा इन्सर्टमध्ये चार गट प्रत्येकी तिनात बसतात:

अ) वर कोरं, खाली कोरं.
आ) वर कोरं, खाली कंडिशन्ड.
इ) वर कोरं, खाली सीसीएल२, मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम.
ई) वर कंडिशन्ड, खालीही कंडिशन्ड.

इथे ‘कोरं’ म्हणजे तोच पेशींविना ठेवलेला फ्लास्क.

सीसीएल२ चं गणित असं. १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ०.१ टक्के बीएसएचं १०० मायक्रोलिटर पाणी घातलं की मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम झाले. त्यातले २ मायक्रोलिटर १९८ मायक्रोलिटर मीडियममध्ये घाला, म्हणजे मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. याचे ५० मायक्रोलिटर १९५० मध्ये घातले की २५ नॅनोग्रॅमचं २ मिलिलिटर तयार होतं, तीन वेलना १.८ लागतं. पिपेट करताना टिप दोनदा मीडियमने भिजवून घ्या.

१. सगळी मीडियम ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. फ्रिजमधून काढून थेट घातलेलं मीडियम तापताना त्यातला वायू सुटतो आणि पडद्याखाली बुडबुडे धरतात.

२. टीएचपी-१ मोजून ८० लाख घ्या (६० लाख लागतात, बाकी धुण्यात जातात). ३०० जीवर ५ मिनिटं फिरवून दोनदा कोऱ्या मीडियमने धुवा, सीरम जायला हवं. परत मोजा आणि मिलिलिटरला ५० लाख करा. ‘ई’ गटापुरत्या पेशी वेगळ्या फिरवून कंडिशन्ड मीडियममध्ये घ्या.

३. खालच्या वेलमध्ये ६०० मायक्रोलिटर घाला. इन्सर्ट चिमट्याने तिरका धरून एक कड आधी टेकवा, मग सावकाश आडवा करा. सरळ वरून ठेवला तर पडद्याखाली हवा अडकते आणि तेवढ्या भागातून एकही पेशी जात नाही. प्लेट डोक्यावर धरून खालून बघा. रुपेरी गोल दिसला तर बुडबुडा आहे, इन्सर्ट काढून परत ठेवा.

४. वर १०० मायक्रोलिटर, म्हणजे ५ लाख पेशी घाला. टिप भिंतीला टेकवा, पडद्याला नाही, तो जेमतेम दहा मायक्रॉन जाडीचा असतो. खाली ६०० आणि वर १०० घेतलं की दोन्ही पातळ्या समान येतात. कमीजास्त झालं तर पाण्याच्या दाबानेच पेशी खाली ढकलल्या जातात.

५. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, साडेतीन तास. प्लेट हलवू नका, इन्क्युबेटरचं दार दुसऱ्या कुणालाही उघडू देऊ नका, दारावर चिठ्ठी लावा. रात्रभर ठेवली तर वरखालचा फरक मिटून जातो, आणि सगळे गट सारखे दिसायला लागतात.

मोजणी

इथे बऱ्याच जणांची मेहनत वाया जाते, म्हणून आकडे मांडून बघा. समजा ५ लाखांतल्या ३ टक्के पेशी उतरल्या, म्हणजे १५ हजार. त्या ६०० मायक्रोलिटरमध्ये पसरल्या तर मिलिलिटरला २५ हजार. न्यूबाउअर चेंबरच्या एका मोठ्या चौकोनात अडीच पेशी येतील, चार चौकोन मिळून दहा. दहा पेशींच्या मोजणीत नुसत्या योगायोगाची चूक तीसेक टक्के असते. त्यावर कसलाच निष्कर्ष उभा राहत नाही.

म्हणून पेशी एकवटा. इन्सर्ट उचलण्याआधी वरच्या पेशी शोषून घ्या. इन्सर्टची खालची बाजू २ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या थंड पीबीएसच्या २०० मायक्रोलिटरने धुऊन तेही वेलमध्येच मिळवा, कारण पार झालेल्या काही पेशी खालून चिकटून असतात. सगळं लहान ट्यूबमध्ये घेऊन ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा, वरचं काढा, तळाच्या पेशी ५० मायक्रोलिटरमध्ये हलक्या हाताने मिसळून घ्या. तेच १५ हजार आता चौकोनाला तीस येतात, चार मिळून १२०, आणि चूक दहा टक्क्यांच्या आत. ट्यूबवर गटाचं नाव न लिहिता नुसता क्रमांक घाला आणि मोजायला दुसऱ्याला द्या. आपल्याला हवा तो आकडा आपल्याच डोळ्यांना नकळत दिसतो.

फ्लो सायटोमीटर हाताशी असेल तर ठरावीक वेगाने एक मिनिट प्रत्येक नमुना चालवा, काम झटपट होतं. सगळ्या टिपा, प्लेट आणि मीडियम १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून मगच टाका.

ओढ की नुसती धावपळ

‘आ’ मध्ये ‘अ’ पेक्षा जास्त पेशी आल्या, की लोक आनंदाने ‘आकर्षण’ लिहून मोकळे होतात. थांबा. कंडिशन्ड मीडियमने पेशी नुसत्या चळवळ्या झाल्या असतील तरी त्या दाही दिशांना फिरताना काही खाली पडणारच. कुंद्याचा वास सगळीकडे भरल्यासारखं. तेवढ्यासाठीच ‘ई’ गट आहे: वरही तेच, खालीही तेच, चढउतार नाही. ‘ई’ चा आकडा ‘अ’ च्या जवळ आला तर ओढ खरी. ‘ई’ आणि ‘आ’ सारखेच आले तर तुमच्याकडे धावपळ आहे, दिशा नाही. दोन्हींच्या मधे आला तर दोन्हीही आहेत, आणि तसंच लिहावं. वरखाली वेगवेगळ्या मात्रांची सगळी चौकट लावण्याची पद्धत झिगमंड आणि हर्श यांनी १९७३ मध्ये दिली. पहिल्या प्लेटला चार गट पुरतात, पण प्रबंधाला पूर्ण चौकट लागेल.

कंडिशन्ड मीडियम १००, ५०, २५ आणि १० टक्के अशा मात्रांतही बघा. ५० टक्क्यांना १०० पेक्षा जास्त पेशी येणं ही चूक असेलच असं नाही. केमोकाइन फार दाट झालं की सगळे रिसेप्टर भरून जातात आणि पेशीला दिशा उरत नाही, त्यामुळे आलेख टेकडीसारखा येतो. ‘इ’ गट चढलाच नाही तर मात्र त्या दिवशीच्या बाकी आकड्यांकडे बघू नका, आधी टीएचपी-१ दुरुस्त करा.

बोलावणारा पदार्थ कोणता

आधी एलायझाने (अँटिबॉडीच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याच्या चाचणीने) कंडिशन्ड मीडियममधला सीसीएल२ मोजा, आणि तो मिलिलिटरला किती यासोबत १० लाख पेशींमागे किती हेही लिहा. पण पदार्थ हजर आहे म्हणजे त्यानेच काम केलं असं नाही. अडवून बघावं लागतं.

कंडिशन्ड मीडियममध्ये सीसीएल२ ला निष्प्रभ करणारी अँटिबॉडी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग खालच्या वेलमध्ये वापरा. शेजारी त्याच जातीची, त्याच मात्रेची निरुपद्रवी अँटिबॉडी ठेवा. ती न ठेवता काढलेला निष्कर्ष कुणीही चटकन खोडून काढेल. तीच अँटिबॉडी शुद्ध सीसीएल२ लाही अडवते हे दाखवणारा गट हवाच, नाहीतर अँटिबॉडी मेलेली आहे की सीसीएल२ निर्दोष आहे ते कळत नाही. दुसरीकडून टीएचपी-१ ला मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम पर्टसिस टॉक्सिन दोन तास देऊन, धुऊन वापरा. केमोकाइनचे रिसेप्टर ज्या जी-प्रथिनावर चालतात ते याने बंद पडतं. त्यानेही ओढ कमी झाली नाही तर केमोकाइनवरचा संशय सोडा.

हिशोब असा करा. उदाहरणादाखल कोऱ्यात ६ हजार पेशी उतरल्या, कंडिशन्डमध्ये २४ हजार, अँटिबॉडी घातल्यावर १२ हजार. निव्वळ ओढ १८ हजारांची, त्यातली १२ हजार अडली, म्हणजे दोन तृतीयांश वाटा सीसीएल२ चा. थेट २४ चे १२ झाले म्हणून ‘पन्नास टक्के’ लिहिणं चूक, कारण कोऱ्यातले ६ हजार कुणीही न बोलावता आलेले आहेत.

उरलेल्या एक तृतीयांशासाठी मीडियम ३ किलोडाल्टनच्या अपकेंद्री फिल्टरमधून काढा. केमोकाइन ८ किलोडाल्टनच्या आसपास किंवा त्याहून मोठे, ते वर अडतात. एटीपीसारखे लहान रेणू खाली जातात. वरचा भाग कोऱ्या मीडियमने मूळ आकारमानाला आणून दोन्ही भाग स्वतंत्र वेलमध्ये लावा. ओढ खालच्या भागात सापडली तर आधी ए३७५ मधल्या मेलेल्या पेशींचा आकडा परत काढून बघा. वरच्या भागात राहिली तर सीसीएल५, सीएसएफ-१ आणि व्हीईजीएफ यांच्या अँटिबॉडी आधी एकेक करून, मग सीसीएल२ च्या जोडीने घालून बघा. जोडीने घातल्यावर ओढ कोऱ्याच्या पातळीला आली की यादी तिथे थांबवा.